दर दोन मिनिटांनी एक चमचा

पत्र: "माझी मुलगी नुकतीच नऊ महिन्यांची झाली. वजन आठ किलो. तिला जुलाब लागले, दिवसाला आठ-दहा वेळा, अगदी पाण्यासारखे. पहिल्या दोन दिवसांत उलट्या आणि थोडा तापही होता. सासूबाई म्हणाल्या, दात येताहेत, दूध बंद कर आणि नुसती पेज दे. त्यांनी जायफळही उगाळून चाटवलं. शेजारच्या काकूंकडे त्यांच्या नातवाचं अँटिबायोटिक उरलं होतं, ते दोन दिवस पाजलं. मेडिकलवाल्याने ओआरएसची मोठी पुडी दिली. ती एक लिटरची असल्यामुळे दर वेळी अर्ध्या वाटी पाण्यात चिमूटभर टाकून देत होते, पण तिने फारसं घेतलं नाही. मग सफरचंदाच्या चवीचा टेट्रापॅक आणला. तो आवडीने प्यायली, पण जुलाब वाढले. आज पाचवा दिवस. शी चार-पाच वेळा होते, पातळच आहे, आणि खालची जागा लाल झाली आहे. खेळते, पण किरकिर करते. दूध कधी सुरू करू? जुलाब थांबायचं औषध कोणतं? हॉस्पिटलला कधी न्यायचं? आणि नऊ महिन्यांची लस पुढे ढकलू का?"
एक आई, सुदामा नगर, इंदूर

ताई,

दूध लगेच सुरू करा, हे वाचून झालं की. अंगावर पाजत असाल तर मागेल तेव्हा आणि नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा. वरचं दूध देत असाल तर तेही नेहमीसारखंच द्या, पाणी घालून पातळ करू नका. जुलाबात दूध बंद करायचं नसतं, आणि पाच दिवस नुसत्या पेजेवर काढल्यावर ती किरकिर करते आहे त्यात भुकेचाही वाटा असणार.

जुलाब थांबवायचं औषध मात्र शोधू नका. या वयातले पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात, रोटाव्हायरस त्यातला सगळ्यांत माहितीतला. ते साधारण पाच-सात दिवसांत आपले आपण ओसरतात. बाळाच्या जिवावर बेततं ते शरीरातून गेलेल्या पाण्यामुळे आणि मिठामुळे. मोठ्यांना दिवसभर जुलाब झाले तरी ते उठून स्वतःच्या हाताने पाणी पितात. आठ किलोच्या बाळाकडे तेवढा साठा नसतो आणि तहान लागली हे सांगताही येत नाही. म्हणून शी किती वेळा झाली हे मोजण्यापेक्षा पाणी किती आत गेलं आणि लघवी किती झाली, इकडे लक्ष द्या. घरातल्या सगळ्यांना हे एकदा समजावून सांगा, कारण ओआरएस दिल्याने शीची संख्या लगेच कमी होत नाही. एक दिवस देऊन "काही फरक पडला नाही" म्हणत घरोघरी ते बंद केलं जातं. फरक बाळाच्या तोंडावर, डोळ्यांत आणि लंगोटात दिसतो.

आता त्या पुडीबद्दल, कारण सगळ्यांत जास्त चुका तिथेच होतात.

एक लिटरच्या पुडीत साधारण साडेवीस ग्रॅम पावडर असते: साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट. हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेलं आहे आणि त्याला कारण आहे. जुलाबात आतड्याचं अस्तर सुजलेलं असलं तरी एक वाट उघडी राहते: ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शोषले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जोडी योग्य प्रमाणात असेल तरच हे जमतं. साखर जास्त झाली तर ती आतड्यात पाणी उलटं ओढते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम चढतं, आणि फारच कमी पडलं तर ते उतरतं. दोन्हीकडून बाळाला झटके येण्याची भीती असते.

चिमूटभर टाकण्यात दोन घोटाळे आहेत. शंभर मिली पाण्याला दोन ग्रॅम पावडर लागते, आणि चिमटीत किती आली हे कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय पुडीतले चारही घटक एकसारखे मिसळलेले राहतात असं नाही. हलवाहलवीत बारीक खाली बसतं आणि जाडं वर येतं, त्यामुळे एका चिमटीत नुसतं ग्लुकोज येईल आणि दुसरीत मीठ. म्हणून पुडी फोडली की ती पूर्ण, एकाच वेळी आणि पुडीवर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात विरघळवायची. लहान बाळासाठी दुकानात २०० मिलीची छोटी पुडी मिळते, तीच मागून घ्या म्हणजे वाया जात नाही. मोठी पुडी असेल तर एक लिटरची पाण्याची बाटली स्वच्छ धुऊन मापाला वापरा. घरातल्या स्टीलच्या पेल्यावर विसंबू नका, कोणता २०० मिलीचा असतो तर कोणता तीनशेचा. २०० मिलीसाठी दुधाच्या बाटलीवरच्या खुणा बघा, नाहीतर औषधाच्या झाकणाने मोजा.

पाणी उकळून पूर्ण गार झालेलं हवं. पावडर घातल्यावर मिश्रण पुन्हा उकळू नका. वरून साखर, मध, लिंबू, दूध, सरबत काहीही घालू नका. चव घेऊन बघा: डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागता कामा नये. भांडं झाकून ठेवा आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून ताजं करा.

तिने ते फारसं घेतलं नाही, यामागे एक चांगलं कारणही असू शकतं. शरीरातलं पाणी कमी झालेलं बाळ हे खारट पाणी अधाशासारखं पितं, आणि पाणी पुरेसं असलेलं बाळ तोंड फिरवतं. म्हणून नकार दिला की घाबरायचं नाही, पण पाजण्याची पद्धत तपासून बघायची. बाटलीने किंवा पेल्याने भराभर पाजलं की पोट ताणून उलटी होते, आणि घरचे म्हणतात "हिला ओआरएस पचत नाही." बाळाला मांडीवर थोडं उभं धरा, चहाचा एक चमचा भरून गालाच्या आतल्या बाजूने सोडा आणि पुढचा चमचा दोन मिनिटांनी द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग तीन मिनिटांना एक चमचा या गतीने पुन्हा सुरू करा. उलटीत जेवढं पडलेलं दिसतं त्याहून बरंच आत राहिलेलं असतं.

हिशेब करून बघा. चहाचा चमचा म्हणजे पाच मिली. दर दोन मिनिटांनी एक म्हणजे तासाला १५० मिली आणि चार तासांत ६०० मिली. पाणी काही प्रमाणात कमी झालेल्या बाळाला डॉक्टर वजनाच्या दर किलोमागे ७५ मिली, चार तासांत, असं ओआरएस देतात. आठ किलोला ते बरोबर ६०० मिली होतं. म्हणजे वाटी-चमचा घेऊन धीराने बसलेली आई, आजी किंवा आत्या पुष्कळदा सलाइनचंच काम करत असते, आणि तेही सुई न टोचता. हात दुखतो, कंटाळा येतो, म्हणून घरातल्या दोघा-तिघांनी पाळ्या लावा. तुमच्या मुलीला सध्या एवढ्याची गरज दिसत नाही. तिला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, म्हणजे दहा ते वीस चमचे द्या. मोठ्या, दोन वर्षांवरच्या मुलांना हेच माप १०० ते २०० मिली असतं.

ज्यांना हे फार साधं वाटतं त्यांच्यासाठी सांगते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलराची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांनीच ते पाजलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्या छावणीत जे नातेवाइकांना जमलं ते सुदामा नगरच्या घरात नक्की जमेल.

टेट्रापॅकचं तुम्ही स्वतःच पाहिलंत: आवडीने प्यायली आणि जुलाब वाढले. खऱ्या ओआरएसमध्ये शंभर मिलीला जेमतेम दीड ग्रॅम ग्लुकोज असतं. फळांच्या चवीच्या पेयात साखर त्याच्या कितीतरी पट असते आणि मीठ नावालाच. अशा पेयांच्या नावात "ओआरएस" हे शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरी दुकानात शेजारी-शेजारी ठेवलेलं असतं आणि घाईत तेच हातात येतं. "जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे" असं छापलेली औषधाची पुडीच मागा. ग्लुकोजची पावडर, कोल्ड्रिंक, डब्यातला ज्यूस यांतलं काहीही तिची जागा घेत नाही. रात्री पुडी मिळाली नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा घाला. चमच्यावरचा ढीग सुरीने सारखा करून मग टाका. यात पोटॅशियम नसतं, म्हणून हे सकाळपर्यंतच. तांदळाची मीठ घातलेली पेज, पातळ ताक, वरणाचं पाणी हे जोडीला चांगलं. नारळपाण्यात मीठ कमी असतं, नुसत्या त्याच्यावर भागत नाही.

ओआरएसच्या जोडीला झिंक द्या, आणि ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला याच्या निम्मं, १० मिलिग्रॅम. विरघळणारी २० मिलिग्रॅमची गोळी येते. ती चमचाभर अंगावरच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात टाकली की मिनिटभरात विरघळते. चव धातूसारखी असल्यामुळे बाळ तोंड वेडंवाकडं करतं, क्वचित ओकतं. अर्ध्या तासाच्या आत ओकलं तर पुन्हा द्या. सिरप असेल तर पाच मिलीत किती झिंक आहे ते बाटलीवर बघूनच माप ठरवा. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे, कारण झिंकने आतड्याचं अस्तर भरून यायला मदत होते आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब लागण्याचं प्रमाणही कमी होतं. पाचवा दिवस असला तरी आजपासून सुरू करा. अंगणवाडीत किंवा आशा दीदींकडे ओआरएस आणि झिंक दोन्ही मोफत मिळतात. मध्य प्रदेशच्या बालआरोग्याच्या दस्तक अभियानात त्या घरी येतात तेव्हा संकोच न करता मागून घ्या.

उरलेलं अँटिबायोटिक आजच बंद करा. विषाणूवर ते चालत नाही, आणि आतड्यातले उपयोगी जिवाणू मारून जुलाब लांबवतं. शीत रक्त असेल, कॉलराचा संशय असेल, असं ठरावीक कारण असलं की डॉक्टर ते देतात, मापही वजनावरून ठरवतात. दुसऱ्याच्या नातवाची फोडलेली बाटली, कधी पाणी घालून तयार केली हेही ठाऊक नाही, ती प्रेमाने दिलेली असली तरी परत करा. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी, लोपेरामाइड, तर बाळाच्या जवळही नेऊ नका. तिने आतड्याची हालचाल थंडावते, पोट फुगतं आणि घाण आतच साठते.

जायफळाचं सासूबाईंना दुखावून सांगायची गरज नाही, पण सांगायला हवं. जायफळ जास्त झालं तर बाळाला गुंगी येते. जुलाबात सुस्ती हीच धोक्याची पहिली खूण असल्यामुळे, बाळ सुस्त पडलं ते जायफळाने की पाणी कमी झाल्याने, हे मग कोणालाच कळत नाही. दुसरी गोष्ट सहाणेची. देव्हाऱ्याजवळ किंवा ओट्याखाली ठेवलेली, नुसती पुसलेली सहाण, तिच्यावर नळाच्या पाण्याचे चार थेंब आणि उगाळणारं बोट, एवढं सगळं बाळाच्या पोटात जातं. सुंठ, वेखंड, घुट्टी सगळ्यांना हेच लागू. अफूचा अंश असलेल्या बाळगोळीचं नाव अजूनही कुठे निघालं तर तिथेच थांबवा. मंदसौर-नीमचकडची अफू आपल्या माळव्याच्या ओळखीची असेल, पण बाळाला तिने आतड्याबरोबर श्वासही मंदावतो.

आणि दात. सहाव्या महिन्यापासून दात येऊ लागतात हे खरं. पण त्याच सुमारास बाळ रांगायला लागतं, जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, वरचं अन्न सुरू होतं आणि आईकडून जन्मासोबत मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत जाते. हिरड्या शिवशिवतात म्हणून हातही सतत तोंडात. जुलाब त्या हातावरच्या जंतूंनी होतात. दातांमुळे लाळ गळते, चिडचिड होते, पण दिवसाला दहा पाण्यासारख्या शी होत नाहीत. "दातांचं आहे, होईल बरं" म्हणत पहिले दोन दिवस हातचे जातात, म्हणून एवढं लिहिलं.

खायला काय, तर जे जुलाबाआधी खात होती तेच, मऊ करून. मुगाच्या डाळीची खिचडी, वर चमचाभर तूप, दहीभात, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, दलिया. तूप घालू का, असं हमखास विचारलं जातं. घाला. आतड्याचं अस्तर अन्नावरच भरून येतं. उपाशी ठेवलं तर शी कमी दिसते, कारण आत काही गेलेलंच नसतं, आणि बाळ आठवड्यात पाव-अर्धा किलो उतरतं. थोडं-थोडं, दर तीन तासांनी भरवा. बरी झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. बिस्किटं चहात बुडवून देण्याची आपल्याकडे फार सवय आहे, ती या दिवसांत पूर्ण सोडा.

वरच्या दुधाबद्दल एक बारकावा. क्वचित जुलाबानंतर काही दिवस दुधातली साखर पचत नाही. मग शी फेसाळ, आंबूस वासाची, फटकन जोरात होणारी असते आणि खालची कातडी लाल होते. तुमच्या मुलीची जागा लाल आहे, पण पाच दिवसांच्या जुलाबाने कुणाचीही होते. दूध सुरू केल्यावर शी स्पष्ट वाढली, फेसाळ झाली, तर डॉक्टरांना दाखवा. ते काही दिवसांपुरतं वरचं दूध कमी करून दही, खिचडी वाढवायला सांगतील. अंगावरचं दूध मात्र तेव्हाही चालूच राहतं.

त्या लाल जागेला साध्या पाण्याने धुवा, ओले वाइप्स नकोत. मऊ कापडाने टिपून कोरडी करा, घासू नका. झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावा आणि दिवसातून दोन-तीन वेळा अर्धा तास उघडी ठेवा. पावडर लावू नका. लाल भागाच्या कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या तर ते बुरशीचं असतं, त्याला वेगळं मलम लागतं.

तापाचं थोडक्यात. पॅरासिटामॉल वजनावर देतात, दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत किमान चार ते सहा तास अंतर, दिवसाला चारहून जास्त वेळा नाही. तिच्या वजनाला एका वेळी सुमारे १०० मिलिग्रॅम बसतं. गोंधळ बाटल्यांचा होतो. थेंबांच्या बाटलीत बहुतेक वेळा एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. सिरपच्या बाटलीत पाच मिलीत १२० किंवा १२५, आणि दुसऱ्या एका सिरपमध्ये पाच मिलीत २५०. म्हणजे थेंबांचं एक मिली, पहिल्या सिरपचं चार मिली आणि दुसऱ्याचं दोन मिली जवळपास सारखं. सिरप समजून थेंबांच्या बाटलीतलं पाच मिली पाजलं तर पाच पट डोस जातो आणि यकृताला इजा होऊ शकते. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय चमचा भरू नका. जुलाबात आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड टाळा, पाणी कमी असताना त्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो.

हॉस्पिटलला कधी न्यायचं, यासाठी घरी तीन गोष्टी बघायला शिका. डोळे: खोल गेलेत का, रडताना पाणी येतं का. टाळू: या वयात ती अजून मऊ असते, बाळ मांडीवर उभं असताना खोल खड्डा पडलेला दिसतो का. आणि पोटाची कातडी: बेंबी आणि कूस यांच्या मधोमध, अंगाच्या उभ्या रेषेत कातडी अंगठा आणि तर्जनीत धरा, क्षणभर ठेवून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. हळूहळू बसली तर पाणी कमी झालंय. दोन सेकंदांनीही घडी दिसत राहिली तर वेळ न घालवता निघा. गुटगुटीत बाळात ही खूण फसवते, कातडीखालच्या चरबीमुळे पाणी कमी असूनही सपाट होते, म्हणून तिन्ही खुणा एकत्र बघायच्या.

लघवीचं लक्ष ठेवायला जुलाबात दिवसा सुती लंगोट वापरा. डायपरमध्ये पाण्यासारखी शी आणि लघवी एक होतात, आणि "डायपर ओला होता" एवढंच सांगता येतं. सहा तासांत लघवी नाही तर दाखवायला न्या. शीत रक्त किंवा शेंबूड, उलटी हिरवी, पोट फुगून कडक, प्रत्येक चमचा ओकून टाकणं, उठवूनही नीट जागं न होणं, पाजताना गिळायची ताकद नसणं, झटका, तीन महिन्यांहून लहान बाळ, यांतलं एकही असेल तर घरी थांबू नका. आणि एक खूण या वयाची खास: बाळ मधूनच पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, दहा-पंधरा मिनिटं निपचित पडतं, पुन्हा किंचाळतं, आणि नंतर लाल जेलीसारखी शी होते. यात आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला असतो. तास-दोन तासांचा उशीरही तिथे महागात पडतो, म्हणून जेलीसारख्या शीची वाट न बघता न्या. इंदूरचं एमवाय हॉस्पिटल, चाचा नेहरू बाल चिकित्सालय किंवा जवळचं मुलांचं हॉस्पिटल गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. वाटेत बाळ जागं असेल तर चमच्याने ओआरएस चालू ठेवा. जुलाब चौदा दिवसांहून लांबले, किंवा वजन उतरत राहिलं, तर बाकी काही नसलं तरी तपासून घ्या.

पुन्हा होऊ नये म्हणून पाण्यापासून सुरुवात करा. आपल्याकडे नर्मदेचं पाणी बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड येतं. मधल्या काळात नळी रिकामी असते. कुठे चीर असेल आणि बाजूला ड्रेनेज असेल तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, आणि नळाला थेट टुल्लू पंप, म्हणजे पाणी खेचणारी छोटी मोटर, लावला की ही ओढ आणखी वाढते. २०२५ च्या डिसेंबरअखेर इंदूरच्याच भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि माणसं दगावली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. म्हणून पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं सोडून द्या, रंग आणि वास बघा. बाळासाठीचं पाणी खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळत ठेवा आणि झाकून गार करा. गाळून किंवा तुरटी फिरवून जंतू मरत नाहीत. पाणी दांडीच्या ओगराळ्याने काढा, बुडवलेल्या पेल्याबरोबर बोटंही आत जातात. दुधाची बाटली सोडता आली तर सोडा आणि वाटी-चमच्याने पाजा. बाटलीच्या बुचातल्या खाचेत दुधाचा थर राहतोच. सोडणं जमत नसेल तर प्रत्येक वेळी ब्रशने घासून दहा मिनिटं उकळा. बाळाची शी "लहानांची आहे" म्हणून अंगणात किंवा मोरीत टाकू नका, तिच्यात जंतू तितकेच असतात. ती संडासात टाका, मग साबणाने हात धुवा. भरवण्याआधी तुमचे, आजीचे आणि बाळाचेही हात धुवा.

लस पुढे ढकलू नका. साध्या जुलाबात, बाळ खेळतं आहे, ताप उतरला आहे, तर लस देता येते. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस तर वेळेवरच हवी, कारण गोवर झालेल्या बाळांना त्यानंतर जुलाबाचा जोर जास्त असतो आणि ती लवकर खंगतात. त्याच दिवशी जीवनसत्त्व अ चा पहिला डोस मिळतो, एक लाख युनिट, तोंडाने. लसीकरणाची पत्रिका सोबत न्या आणि रोटाव्हायरसचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे तिन्ही डोस भरलेले आहेत का ते नर्सकडून तपासून घ्या. तिथेच वजनही करून ते पत्रिकेतल्या रेषेवर मांडायला सांगा. आठ किलोच्या खाली उतरलं असेल तर जास्तीचं एक जेवण दोन आठवड्यांऐवजी वजन भरून येईपर्यंत चालू ठेवा.